जुन्या मोटारीचे पाने



जुनी मोटार घरीं बाळगून तिची देखभाल आपल्या हातानें करावी असें ज्या गृहस्थाच्या मनांत येतें, त्याची पहिली खरेदी बहुधा एका चकचकीत पेटीची असते. पेटींत चढत्या मापाचे पाने ओळीनें मांडलेले असतात आणि यांत सगळें आलें असें दुकानदारानें सांगितलेलें असतें. रविवारीं सकाळीं गृहस्थ बाह्या सारून गाडीपाशीं बसतात. दुपारपर्यंत असें दिसून येतें कीं, पेटींतील निम्म्या पान्यांना गाडींत कांहीं कामच नाहीं. आणि जो एक हवा होता तो नेमका पेटींत नाहीं. एक पाना नटावर सैल बसतो, त्याच्या खालचा बसतच नाहीं. मग सैल पान्यालाच जोर लावला जातो, नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि तासाभराचें काम मिस्त्रीच्या दारीं आठवडाभर जाऊन पडतें.

दोष पान्याच्या पोलादाचा नसतो, गृहस्थाच्या हाताचाही नसतो. प्रत्येक जुनी मोटार कोणत्या ना कोणत्या देशाच्या मापांनीं बांधलेली आहे, आणि हीं मापें एकमेकांशीं जुळत नाहींत. म्हणून हत्यारें कोणतीं घ्यावीं हें सांगण्यापूर्वीं मळसूत्राच्या आट्यांची हकीकत मला थोडक्यांत सांगितली पाहिजे. ती आमच्या गांवावरून गेलेली आहे, म्हणून ती मला विशेष जवळची वाटते.

माझें गांव भांडगांव. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेनें यवत सोडलें कीं चौफुल्याच्या अलीकडे तें लागतें, तालुका दौंड. गांवाच्या उत्तरेकडून लोहमार्ग जातो. आगगाडी १८५८ सालीं पुण्यास आली व १८६० सालीं सोलापुरास पोंचली. त्यापूर्वीं या सडकेवर बैलगाड्या चालत, आणि बैलगाडीला मळसूत्राची गरजच नव्हती. लोखंडी धांव तापवून चाकावर चढवावी, आंसाच्या टोकांत खीळ मारावी, कीं काम झालें. लोहार ज्या गाडीचें काम करी तिच्याच मापाची खीळ तो तेथल्या तेथें घडवी. एका गाडीची खीळ दुसरीला बसावी अशी कोणाची अपेक्षा नसे, व कोणाचें अडतही नसे.

आपण समजतों कीं ही आपल्याच मागासलेपणाची गोष्ट. पण यंत्रांचें माहेर म्हणविणाऱ्या इंग्लंडांत तरी काय होतें? तेथेंही एकेका कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि नट वेगळा. एका गांवच्या यंत्राचा नट हरवला तर तो दुसऱ्या गांवीं मिळण्याची आशा नाहीं. मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ यांनीं ठिकठिकाणच्या कारखान्यांतून वापरांत असलेले बोल्ट गोळा केले, त्यांच्या आट्यांची सरासरी काढली आणि १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच पद्धत सुचविली. आट्याचा कोन ५५ अंशांचा. पाव इंची बोल्टला दर इंचास २० आटे, अर्ध्या इंचीला १२. जगांतील पहिलें राष्ट्रव्यापी मळसूत्र तें हेंच म्हणावें लागेल. रेल्वेचें लोखंडी सामान विलायतेहून येऊं लागलें तसा हा इंची बोल्टही आपल्याकडे आला. आपल्या कारागिरांनीं त्याला आपल्या बोलींत बसवून घेतलें. इंचाचे आठ भाग केले म्हणजे त्यांतील एक भाग म्हणजे एक सूत. पाव इंचाचा बोल्ट तो दोन सुती, त्याच्या वरचा तीन सुती, अर्ध्या इंचाचा चार सुती. बांधकामावरची दहा मिलिमीटरची सळई गवंडी आजही तीन सुती म्हणूनच मागतो. कायद्यानें माप बदलतें. तोंडांतलें माप बदलावयास दोन पिढ्या लागतात.

येथें व्हिटवर्थच्या पान्याची एक खोड सांगून ठेवतों. त्या पान्यावर जो आंकडा असतो तो बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पान्याच्या तोंडाची रुंदी सांगत नाहीं. म्हणजे १/२ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचें तोंड प्रत्यक्षांत इंचाच्या ९२ शतांशांएवढें, जवळजवळ एक इंच, असतें. अमेरिकन पद्धतीच्या पान्यावर मात्र तोंडाचीच रुंदी लिहितात. तेथें १/२ म्हणजे खरोखर अर्धा इंच. दोन्ही पाने एकाच पेटींत पडले, आंकडा एकच, आणि एकाचें तोंड दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! मुलांना व्यवहारी अपूर्णांक शिकविण्यांत माझा जन्म गेला. परंतु सोळांशाचा फरक किती मोठा असतो हें फळ्यावर पटवून देणें मला जितकें कठीण गेलें तितकें तें एका झिजलेल्या नटाला जात नाहीं.

अमेरिकेनें व्हिटवर्थची पद्धत घेतली नाहीं. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनीं १८६४ सालीं आपली वेगळी पद्धत मांडली. कोन ६० अंशांचा, कारण तो साधावयास सोपा. आणि अर्ध्या इंचास १२ ऐवजीं १३ आटे. पाव इंचाचे आटे मात्र दोहोंकडे वीसच राहिले. यांत एक फसवणूक आहे. विलायती बोल्टवर अमेरिकन नट चढतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण कोन निराळा असल्यामुळें आट्यांची बाजू बाजूला पुरती टेकत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत दोस्तांचीं विमानें व रणगाडे एकमेकांच्या कारखान्यांत दुरुस्तीला जाऊं लागले तेव्हां या भेदाची किंमत दोन्ही राष्ट्रांना कळली, आणि १९४८ सालीं अमेरिका, इंग्लंड व कॅनडा यांनीं ६० अंशांचें एक संयुक्त मळसूत्र मान्य केलें. युरोपखंडांतील मिलिमीटरचें मळसूत्र १८९८ सालीं झूरिच येथील परिषदेंत ठरलें होतें; तें याहून अगदीं वेगळें.

हीं तिन्ही मापें आमच्या सडकेवर कशीं उतरलीं तें पहा. युद्धानंतर जीप आली. पुढें मुंबईस महिंद्रांनीं तिची जुळणी सुरू केली. ती अमेरिकन, म्हणून इंची. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास हिंदुस्थान मोटर्सनें मॉरिसच्या नमुन्यावर गाड्या काढल्या. त्यांतूनच अँबॅसडर निघाली व ती २०१४ सालापर्यंत तयार होत होती. तीही इंची, बहुतेक बोल्ट संयुक्त मळसूत्राचे, पण एखाददुसरा सुटा भाग जुन्या विलायती आट्याचा निघावयाचा. त्याच कारखान्याची पहिली गाडी हिंदुस्थान टेन. तिचें इंजिन म्हणजे तर एक कोडेंच होतें. इंग्लंडांत मॉरिसनें १९२३ सालीं हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्रीचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रें फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे; परंतु इंग्रज मिस्त्रीजवळ पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टचीं डोकीं व्हिटवर्थच्या मापाचीं. अशीं इंजिनें मॉरिसनें पुढें कित्येक वर्षें काढलीं. आपल्याकडे ज्याच्या घरीं ती गाडी होती त्याला पाना एका देशाचा आणि नट दुसऱ्या देशाचा शोधावा लागे.

आतां कुर्ल्याच्या कारखान्याविषयीं. त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे आमच्याच सडकेच्या पुढल्या टोकाचे. जन्म १८८२ चा. शेजारच्या इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर उभें राहिलें तें त्यांच्याच उद्योगानें. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी त्यांनीं १९४४ सालीं स्थापन केली, व १९४७ सालीं कुर्ल्याहून क्रायस्लर कंपनीच्या नमुन्याच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. या गाड्या अमेरिकन, अर्थात् इंची. पुढें थोड्याच वर्षांत कारखान्यानें इटलीच्या फियाटशीं संधान बांधलें, आणि प्रथम लहान फियाट ५०० व मागून फियाट ११०० तेथें तयार होऊं लागली. इटली म्हणजे मिलिमीटरचा देश. एकाच आवारांत मोठ्या गाडीवर काम करणाऱ्याच्या हातीं इंची पाना, आणि लहान गाडीवर काम करणाऱ्याच्या हातीं मिलिमीटरचा!

त्या वेळीं देशांत शेर, मण, गज आणि इंच चालत होते. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला, नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजीं आले, आणि मीटर-किलोग्रॅम १९५८ पासून हळूहळू लागू झाले. म्हणजे भाजीवाल्याच्या तागडींत किलोग्रॅम येण्यापूर्वींच फियाटवाल्या मिस्त्रीच्या डब्यांत मिलिमीटर येऊन बसला होता. आपल्याकडील मध्यम वर्गाच्या घरांत मिलिमीटर आधीं फूटपट्टीवरून आला कीं मोटारींतून आला, याचा शोध कोणी तरी घ्यावा असें मला वाटतें.

याच फियाट ११०० ला १९७२ सालीं प्रेसिडेंट आणि १९७४ सालीं पद्मिनी असें नांव मिळालें. सन २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती त्यानंतरही धांवत होती, व वीस वर्षांची वयोमर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीची नोंदणी पुन्हां करून घेण्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. तेव्हां आज ज्याच्या दारीं पद्मिनी उभी आहे त्यानें ती सोयीखातर ठेवलेली नाहीं, ममतेनें ठेवली आहे. तिच्यावर हात ठेवणारे जुने मिस्त्री थकले; तरुण मिस्त्री संगणक जोडून दोष वाचतात व जोडावयास जागा नसलेल्या गाडीकडे बिचकून पाहतात. घरच्या हत्यारांचा प्रश्न म्हणूनच हौसेचा राहिलेला नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. माझ्या मतें पहिली खरेदी पान्याची नव्हे, मोजण्याच्या साधनाची असावी. एक व्हर्निअर कॅलिपर, आटे मोजण्याच्या दांतेरी पट्ट्यांचा जुडगा आणि तारेचा ब्रश. नटावरची घाण व रंग ब्रशनें काढून टाकावा, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर मोजावें आणि वहींत लिहावें. दहा-वीस नट मोजले कीं गाडीचा देश कळतो. १०, १३, १७, १९ असे आंकडे आले तर गाडी युरोपीय मिलिमीटरची. पद्मिनी या घरची. १०, १२, १४, १७ आले तर जपानी मिलिमीटरची. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेली मारुती ८०० या घरची. आठ मिलिमीटरच्या त्याच बोल्टचें डोकें युरोपांत १३ चें आणि जपानांत १२ चें, हें ज्याला ठाऊक नसतें तो १२ व १४ असलेली पण १३ नसलेली पेटी घेऊन पद्मिनीपाशीं बसतो. अंतर ११.१, १२.७, १४.३ असें अपुरें आलें तर घाबरूं नये. ते इंचाचे ७/१६, १/२ आणि ९/१६ आहेत, व गाडी जीप किंवा अँबॅसडर असली पाहिजे.

येथेंच बहुतेक नटांचा घात होतो. १२.७ च्या नटावर १३ चा पाना बसतो; फरक एका मिलिमीटरच्या तीन दशांशांचा. नट सैल असला तर तो सुटतोही. पण वीस वर्षें गंजलेला नट त्या तीन दशांशांतच कोपरे गमावतो. आणि तो नट ब्रेकच्या नळीचा असला तर? ती नळी तुटली किंवा नट गळका राहिला, तर घाटाच्या उतारावर पाय पेडलवर असतो आणि गाडी थांबत नाहीं. उलटपक्षीं कांहीं जोड्या निर्धास्तपणें चालतात: १९ मिलिमीटरचा पाना पाऊण इंचाच्या नटावर चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५. गंमत अशी कीं, सगळी गाडी मिलिमीटरची असली तरी स्पार्क प्लगचें डोकें मात्र त्या काळीं बहुधा १३/१६ इंचाचें असे. त्याला प्लगचाच बॉक्स पाना घ्यावा, व प्लग बसवितांना पहिले आटे बोटांनींच फिरवावे. पद्मिनीच्या इंजिनाचें हेड अॅल्युमिनियमचें आहे. त्यांत पोलादी प्लग तिरका शिरला तर आटे कायमचे जातात.

मापानंतर आकार. उघड्या तोंडाचा दुतोंडी पाना नटाला दोन बाजूंनीं धरतो. रिंग पाना चोहोंकडून धरतो. म्हणून अडलेला नट प्रथम रिंग पान्यानें हलवावा, व सैल झाल्यावर दुतोंडीनें भराभर काढावा. सॉकेट घेतांना बारा कोपऱ्यांचें घेण्यापेक्षां सहा कोपऱ्यांचें घ्यावें. झिजूं लागलेल्या नटावर तें अधिक विश्वासाचें. पद्मिनीसाठीं ८ पासून २२ पर्यंतचे सात-आठ रिंग पाने, तितकेच दुतोंडी, एक रॅचेट व थोडीं सॉकेटें इतकें पुरे. चाळीस तुकड्यांच्या स्वस्त पेटीऐवजीं दहा चांगले पाने घ्यावे. स्वस्त पान्याचें तोंड जोर लागतांच उलतें, आणि मग त्याच्यावरचा आंकडा खोटा ठरतो.

स्क्रू पाना, म्हणजे ज्याचें तोंड आवळतां-सैल करतां येतें तो, पुष्कळांना सर्वगुणी वाटतो. आज तो ज्या रूपांत मिळतो तें रूप स्वीडनच्या योहान्सन नांवाच्या कारागिरानें दिलें. त्याचें पेटंट १८९२ चें. आपल्याकडे नाशिकच्या टपारिया कारखान्यानें १९७० च्या सुमारास स्वीडिश सहकार्यानेंच हातहत्यारें काढण्यास आरंभ केला, आणि मराठी घरांतल्या अवजारांच्या डब्यांत त्यांचा पाना किंवा पक्कड बहुधा सांपडतेच. पाना उत्तम आहे. पण त्याचें स्थान डाव्या हातीं. उजव्या हातानें रिंग पाना फिरवितांना मागचा नट धरून ठेवण्यासाठीं तो वापरावा, व जोर नेहमीं स्थिर जबड्यावर येईल असा धरावा. अडलेल्या नटावर त्याला एकट्याला पाठविणें बरें नव्हे. अडलेल्या नटाला आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल पाजावें. कांहीं कारागीर ज्वाळा लावतात. पेट्रोलच्या गाडीला ती घरीं मुळींच लावूं नये.

फीलर गेज, बारा व्होल्टचा दिवा लावलेली तपासणीची तार, ग्रीसची पिचकारी, सपाट तोंडाचे दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, एक किलोचा व एक हलका असे दोन हातोडे, इतकीं हत्यारें मागाहून गरजेप्रमाणें घेतलीं तरी चालतात. इंजिनाचें हेड घरीं उघडण्याचा विचार असेल तरच मोजून आवळणारा टॉर्क पाना घ्यावा. नसेल तर ते पैसे मी आतां सांगतों त्या वस्तूंकडे वळवावे.

त्या वस्तू म्हणजे जॅक, घोड्या आणि चाकांचे ठोकळे. पद्मिनीचें वजन सुमारें नऊशें किलो. जॅक गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. तेलावर चालणाऱ्या जॅकचा एक रबरी वायसर फाटला कीं तो खालीं येतो. मळसूत्री जॅक मातीच्या अंगणांत कलतो. आमच्याकडे अंगण मुरमाचें, शहरांत फरशी गुळगुळीत. धोका दोन्हीकडे सारखाच. गाडी उचलतांच दोन्ही बाजूंस पोलादी घोड्या लावाव्या, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे द्यावे, हातानें गाडी हलवून पाहावी, आणि मगच अंग खालीं घालावें. विटांचा थर रचून गाडी ठेवण्याची चाल फार ठिकाणीं दिसते. वीट सावकाश दबत नाहीं. ती एकदम फुटते, आणि खालच्या माणसाला सरकावयास अवधि मिळत नाहीं. पाने दुय्यम प्रतीचे घेतले तर नट जातील. या तीन वस्तूंत कसर केली तर घरांतला माणूस जाईल. म्हणून थोडेच पैसे असतील तर मी घोड्या आधीं घ्या असें सांगेन, मग पाने उसने आणावे लागले तरी हरकत नाहीं.

आमच्या सडकेवर एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांनीं पाने तीन डब्यांत ठेवलेले असत: एक इंची, एक मिलिमीटरचा आणि एक, त्यांच्याच शब्दांत, 'विलायती'. गाडी दारीं आली कीं ते आधीं बॉनेट उघडीत, एका नटावर अंगठा फिरवीत, आणि पोराला कोणता डबा आणावा तें सांगत. इतकी अंगठ्याची परीक्षा आपणांस साधणार नाहीं. पण तीन डब्यांची शिस्त कोणासही साधण्यासारखी आहे. एकाच पेटींत सर्व मापें मिसळलीं कीं घाईच्या वेळीं हाताला जो पहिला बसेल तोच खरा वाटतो.

खरेदीसाठीं पुण्यांत नाना पेठ आहेच. मोटारींचे सुटे भाग व हत्यारें यांची ती जुनी पेठ. तेथें सेट न मागतां सुटे पाने मागावे, वही जवळ ठेवावी. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारांतही चांगला माल मिळतो. तेथें कधीं कधीं असा जाड, काळपट पाना हातीं येतो कीं त्याच्यावर तीन रेघांच्या बाणाची खूण असते. ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. बहुधा एखाद्या लष्करी कार्यशाळेंतून तो मोडींत निघालेला असतो. त्याच्यावर दोन आंकडे दिसतात, एक मोठा व एक लहान, कारण युद्धकाळांत विलायतेनें पोलाद वांचविण्यासाठीं बोल्टचीं डोकीं एकेका मापानें लहान केलीं. पद्मिनीला त्याचा कांहीं उपयोग नाहीं, जीपेलाही नाहीं. मला असा एक मिळाला तो मीं तरीही घेतला. आमच्या शेजारच्या मळ्यांत विहिरीवर एक जुनें विलायती तेलइंजिन आहे, त्याच्या पायाचे चारही बोल्ट त्या पान्यानें सुटतात.